रात्रीचे जाते

राग आला तर गिळावा, रडू आले तर आवंढा गिळावा, अपमान झाला तर तोही पोटात घालावा, आणि एवढे करून काही उरलेच तर दातओठ खावेत, अशी आपल्या भाषेची शिकवण आहे. यांतले दात खाणे मात्र नुसते बोलण्यापुरते नाही. पुष्कळ सज्जन माणसे रात्री झोपेत ते खरोखरच करतात आणि सकाळी विचारले तर “मी? छे, छे!” म्हणतात. माझा धंदा दंतवैद्याचा. मी वाद घालीत नाही, तोंड उघडायला सांगतो. दाढांवरचे उंचवटे जाऊन सपाट मैदान झालेले असले म्हणजे मला उत्तर मिळते.

दातावरचे इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण हाड मोडले तर पुन्हा जुळते. इनॅमल झिजले ते झिजले. जेवताना दात एकमेकांना टेकतात ते जरासेच, कारण मध्ये घास असतो. रात्री मध्ये काहीच नसते. दगडावर दगड, आणि जाते रिकामे!

या सवयीला १९०७ साली फ्रान्समध्ये पहिले शास्त्रीय नाव मिळाले. पुढे बरीच वर्षे असे मानीत की दातांची ठेवण वाकडी म्हणून माणूस दात खातो. आता दोष मेंदूकडे आणि झोपेकडे गेला आहे. झोपेत आपण अनेकदा अर्धवट जागे होतो, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी आधी छातीचे ठोके वाढतात आणि मागोमाग जबड्याचे स्नायू आवळले जातात. काळजी, तंबाखू, मद्य, अतिरिक्त चहा-कॉफी, नैराश्यावरची काही औषधे, यांनी हे वाढू शकते. (औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.) करोनाच्या काळात तर मार्च २०२१ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाहणीत निम्म्याहून अधिक दंतवैद्यांनी असे रोगी वाढल्याचे सांगितले.

लहान मूल झोपेत दात खाऊ लागले की घरातल्या आजी तत्काळ निदान करतात, “पोटात जंत झालेत!” जंत असतील तर त्यांचे औषध जरूर द्यावे, पण दात खाणे हा काही त्यांचा खात्रीचा पुरावा नव्हे. मुलांमध्ये ही सवय मोठ्यांपेक्षा अधिक आढळते आणि बहुधा वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. मागे एक बाई माझ्याकडे आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. कान दुखतो म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. कान स्वच्छ निघाला. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, त्यामुळे तो दुखला की आळ बिचाऱ्या कानावर येतो. दाढा पाहिल्या आणि मी विचारले, “रात्री दात खाता का?”

“अहो डॉक्टर, मला कसली काळजी? सगळे छान चालले आहे.”

बरोबरची मुलगी म्हणाली, “आई, तू रात्रभर दळत असतेस. मी शेजारी झोपते, मला ऐकू येते.”

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूहळू सारे बाहेर आले. इमारत पुनर्बांधणीला गेलेली, बिऱ्हाड भाड्याच्या जागेत, आणि बिल्डरकडून येणारे भाडे आठ महिने बंद. यजमानांना हृदयाचे दुखणे, म्हणून त्यांना कळू द्यायचे नाही. मुलीचे लग्न ठरायचे, म्हणून तिलाही नाही. बाई एकेक मुदतठेव मोडून घरमालकाला भाडे देत होत्या आणि पावत्या डाळीच्या डब्याखाली ठेवीत होत्या. मुलगी एवढेच म्हणाली, “आई, त्या पावत्या आता माझ्याकडे दे.”

मी बाईंना रात्री दातांवर बसवायची पट्टी करून दिली. ही पट्टी दात झिजण्यापासून वाचवते. दात खाणे थांबवतेच असे नाही. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पट्टीवर घासल्याच्या खुणा होत्याच, पण कानाजवळचे दुखणे पुष्कळ उतरले होते.

“भाडे मिळाले का?” मी विचारले.

“कुठले! पण सोसायटीच्या सभेला आता ही जाते. मी एकटीच वाट पाहत नाही.”

मन मोकळे केले की दात खाणे बंद होते, असे मी म्हणणार नाही. तसे असते तर भांडखोर माणसांच्या दाढा शाबूत राहिल्या असत्या. पण रात्रीचा हा आवाज ज्याचा त्याला ऐकू येत नाही. तो शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येतो. म्हणून सकाळी चहाच्या वेळी त्याची नक्कल करून सर्वांना हसवू नका. जवळ बसून “काय चालले आहे?” असे विचारा. घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठताच कानशिले ठणकत असतील, जबडा अडकत असेल, तर दंतवैद्याकडे या.

आणि दिवसाचे काय? सुईत दोरा ओवताना, स्कूटर गर्दीतून काढताना, बँकेचा संदेश वाचताना आपण जबडा आवळून धरतो. खरे तर घास चावण्याचा आणि गिळण्याचा वेळ सोडला तर वरचे दात खालच्यांना टेकण्याचे कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ सैल, ही त्यांची विश्रांतीची बैठक. घड्याळाकडे पाहाल तेव्हा एकदा तेवढे तपासा. हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर टेकलेले असतील तर आत्ताच सोडा. फराळाच्या चकल्या अजून संपायच्या आहेत; दाढांना खरे काम आहे!