आधी वाजवू द्या, मग पैसे

फरीदाबादहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे पंचवीस वर्षांपूर्वी तिथे गेलेले आणि तिथलेच झालेले हे मराठी कुटुंब. थोरला मुलगा पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. माता-जागरणात, लग्नाच्या संगीतात साथ करून थोडेफार मिळवतोही. आता त्याला घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांचे मिक्सिंग करून देण्याचे काम सुरू करायचे आहे. त्याने पसंत केलेले सॉफ्टवेअर आणि सोबतचे वाद्यध्वनी मिळून खर्च साठ हजारांच्या घरात जातो. कंपनी एक दिवसही वापरून पाहू देत नाही आणि एकदा चालू केले की पैसे परत नाहीत. बाई लिहितात, "पुढच्या महिन्यात एक एफडी सुटते आहे. ती धाकटीच्या फीसाठी ठेवली होती. मुलगा म्हणतो, सहा महिन्यांत फेडतो. हे म्हणतात, पाहिल्याशिवाय कोणी म्हैससुद्धा घेत नाही. दोघांच्या मध्ये मी सापडले आहे."

यजमानांची म्हैस चोख आहे, पण संगीताच्याच क्षेत्रातले उदाहरण हवे तर आपल्या मिरजेला जावे. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत तानपुरा घ्यायला गेलेला गवई आधी बैठक मारतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वरचे लाकूड, खुंट्या हे सगळे डोळ्यांनी पाहून होते. पण खरी परीक्षा जवारीची. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत कारागीर जवारी लावतो, गवई डोळे मिटून ऐकतो, "थोडी उघडी करा" म्हणतो, कारागीर पुन्हा घासतो. यात सकाळची दुपार होते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हाताच्या आणि कानाच्या कामासाठी. तानपुऱ्याच्या किमतीला लाजवील असे सॉफ्टवेअर मात्र "आधी पैसे भरा, मग ऐका" असे म्हणते. मुलाला त्यात गैर वाटत नाही, कारण त्याच्या पिढीला खरेदीची हीच रीत ठाऊक आहे.

मिक्सिंग म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन वाक्यांत सांगायला हवे. गायिकेचा आवाज, ढोलक, पेटी, गिटार अशी प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या पट्टीवर मुद्रित होते. मग कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोणाच्या आवाजाला किती घुमारा, हे ठरवून सगळ्यांचे एक गाणे करायचे. एके काळी यासाठी खोली भरेल एवढे टेबल लागे. 'प्रो टूल्स' हे सॉफ्टवेअर १९९१ साली आले तेव्हा त्याच्यावर चारच पट्ट्या होत्या आणि संच सहा हजार डॉलरला होता. आज साध्या लॅपटॉपवर शंभर पट्ट्या चालतात. बिली आयलिश या गायिकेचा जो आल्बम २०२० साली ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम ठरला, तो तिच्या भावाने मुख्यतः घरातल्या झोपण्याच्या खोलीत 'लॉजिक प्रो'वर तयार केला. तेव्हा फरीदाबादच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या घरात स्टुडिओ काढायचे हे वेड नाही. हरियाणवी गाण्यांची बाजारपेठही आता लहान राहिलेली नाही. रेणुका पंवारचे '५२ गज का दामन' यूट्यूबवर शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. मुलगा काम शोधतो आहे ते योग्य ठिकाणी, हे आधी मान्य करू.

प्रश्न राहतो तो चाचणीचा. चाचणी न देणारी ही काही फक्त भुरट्या कंपन्यांची खोड नाही. 'लॉजिक प्रो एक्स' हे ॲपलने २०१३ साली दोनशे डॉलरला बाजारात आणले आणि त्यानंतर जवळजवळ सात वर्षे ते वापरून पाहण्याची सोयच नव्हती. घेणाऱ्यांनी नावावर विश्वास ठेवून घेतले. मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडले गेले तेव्हा कुठे ॲपलने ९० दिवस फुकट वापरायला दिले. म्हणजे चाचणी देणे अशक्य नव्हते, देण्याची गरज वाटत नव्हती, एवढेच.

उलट ज्यांना आपल्या मालाची खात्री आहे, त्यांच्या दुकानाचे दार उघडे असते. 'रीपर' नावाचे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्णपणे, काहीही कुलूपबंद न करता वापरता येते, आणि घरगुती किंवा छोट्या धंद्याचा परवाना ६० डॉलरला मिळतो. 'एबलटन लाइव्ह'ची सर्वांत महाग आवृत्ती साडेसातशे डॉलरच्या आसपास असली, तरी ३० दिवस पारखायला मिळते. 'एफएल स्टुडिओ'च्या चाचणीला मुदतच नाही. फक्त आज साठवून ठेवलेले गाणे उद्या पुन्हा उघडून पुढे काम करता येत नाही. व्यापाऱ्याची युक्ती म्हणून मला ही आवडते, कारण ती ग्राहकाला फसवत नाही, फक्त थोडे छळते! 'प्रो टूल्स'चीही आठ ध्वनिपट्ट्यांची विनामूल्य आवृत्ती आहे. गायिका, पेटी, ढोलक, बासरी, टाळ आणि दोन कोरस एवढे त्यात आरामात बसतात. जागरणाच्या भेटीला याहून जास्त काय लागणार?

"पण यांत त्या ध्वनींची सर नाही," असे मुलगा म्हणेल. त्याचेही थोडे खरे आहे. सॉफ्टवेअरपेक्षा वाद्यध्वनींच्या संग्रहांत खरी मेख असते. साठ व्हायोलिनवादकांचा एकत्रित आवाज, एकेक सूर वेगळा मुद्रित करून, तुमच्या कीबोर्डच्या पट्ट्यांखाली आणून ठेवलेला असतो. असे संग्रह बहुधा चाचणीविनाच विकले जातात. कारण उघड आहे: ध्वनी एकदा उतरवून घेतले की परत कसे घेणार? साडी परत करता येते, ऐकलेला सूर नाही. विक्रेत्याची ही अडचण खरी आहे. पण त्याचा भार साठ हजारांच्या रूपाने एकट्या ग्राहकावर पडतो, हेही तितकेच खरे.

शिवाय 'कायमचा परवाना' या शब्दाकडे जरा निरखून पाहावे. 'केकवॉक' या जुन्या अमेरिकी कंपनीने २०१६ साली आपल्या 'सोनार' सॉफ्टवेअरला आजन्म फुकट सुधारणा देण्याचे जाहीर केले. लोकांनी पैसे भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या मालक 'गिब्सन' कंपनीने, त्याच त्या गिटारवाल्या गिब्सनने, सॉफ्टवेअरचा विकास थांबवला. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला असेल. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या 'बँडलॅब'ने ते विकत घेऊन सर्वांनाच विनामूल्य दिले. म्हणजे ज्यांनी पैसे मोजले तेही आणि ज्यांनी छदाम दिला नाही तेही एकाच पंगतीत! मार्च २०२३ मध्ये 'वेव्ह्ज' या कंपनीने अचानक सुटी विक्री बंद करून फक्त वर्गणी ठेवली. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली. 'क्यूबेस' वापरणाऱ्यांना तर २०२२पर्यंत संगणकाला एक छोटी किल्ली खोचून ठेवावी लागे. परवाना तिच्यात, किल्ली हरवली की पंचाईत.

आता कायद्याचे. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. मुलगा हे सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतो आहे, मग तो 'ग्राहक' ठरतो का? ठरतो. व्यापारासाठी केलेली खरेदी कायद्याने वगळली आहे. पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा फरक समजावून सांगितला आहे. मात्र उद्या चार माणसे पगारावर ठेवून स्टुडिओ थाटला, तर हा आधार डळमळतो.

त्याच जुलैत ई-कॉमर्सचे नियमही आले. डिजिटल वस्तू त्यांत येतात, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही येतात. माल सदोष निघाला, किंवा जाहिरातीत सांगितले तसा नसला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. पण इथे बाईंनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. "आवडले नाही" म्हणजे दोष नव्हे. "माझ्या लॅपटॉपवर चालेना" हाही दोष नव्हे, जर कंपनीने किमान कोणता संगणक हवा ते लिहून ठेवले असेल आणि आपण ते वाचले नसेल. चाचणीविना घेतलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे बहुतेक याच दोन फटींत अडकतात, आणि तिथे कायदा फारसा उपयोगी पडत नाही. खरोखर दोष असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. खटला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे फरीदाबादेतच, दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मात्र समोरची कंपनी सातासमुद्रापार असेल तर निकाल मिळणे आणि पैसे हातात पडणे यांतले अंतर मोठे असते.

"आज रात्री बारापर्यंत निम्मी किंमत" अशी टिकटिक करणारी घड्याळे या धंद्यात फार. घाईचा खोटा देखावा करणे हे २०२३ सालच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी गैर ठरवलेल्या तेरा क्लृप्त्यांपैकी एक आहे. निम्मी किंमत पुन्हा येते. नोव्हेंबरच्या अखेरीस तर हमखास येते. मुलगा अजून कुठे शिकत असेल तर विद्यार्थ्यांची सवलत वेगळी. एबलटनसारख्या कंपन्या ती चाळीस टक्क्यांपर्यंत देतात. डॉलरमधली किंमत पाहताना तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार चढतो, हेही हिशेबात धरावे.

एक चोरवाट आहे आणि फरीदाबादकरांना ती चांगली माहीत आहे. २०१५ साली शहरात आलेली मेट्रो गाडी न बदलता थेट नेहरू प्लेसला नेऊन सोडते, आणि तिथल्या फुटपाथवर एके काळी कोणतेही सॉफ्टवेअर एका तबकडीवर शे-दीडशेला मिळे. आता त्यासाठी मेट्रोचीही गरज नाही, मोबाइलवर दुवा येतो. "आधी चोरीचे वापरून पाहतो, आवडले तर विकत घेतो," हा युक्तिवाद अनेक सभ्य घरांतली मुले करतात. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब सांगते की, चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे. या मुलाला तर धंदाच करायचा आहे. अशा प्रतींबरोबर येणारे विषाणू वेगळेच. ज्या लॅपटॉपवरून घरातले बँकेचे व्यवहार होतात, त्याच लॅपटॉपवर हा प्रयोग करू देऊ नये.

मग एफडीचे काय? माझे मत विचारलेच आहे म्हणून सांगते: साठ हजार आता भरू नयेत, पण मुलाला रिकाम्या हातीही पाठवू नये. धाकटीच्या फीची रक्कम प्रथम बाजूला काढावी. उरेल त्यातून बरा मायक्रोफोन, हेडफोन आणि आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी घ्यावी. या वस्तू दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये हाताळून, कानाला लावून घेता येतात, आणि ते स्टेशनही त्याच मेट्रो मार्गावर आहे. भिंतींवर जाड गोधड्या टांगाव्यात. घुमणाऱ्या खोलीत कितीही महाग सॉफ्टवेअर आंधळेच असते. पहिले दोन महिने चाचणीच्या किंवा स्वस्त सॉफ्टवेअरवर काम करावे आणि वहीत लिहून ठेवावे: किती गाणी आली, किती पैसे मिळाले, आणि किती वेळा गिऱ्हाईक "आवाज पोकळ वाटतो" म्हणून परतले. एका गाण्यामागे हजार रुपये सुटतात असे धरले, तर साठ हजार फेडायला साठ गाणी लागतात. सहा महिन्यांत साठ, म्हणजे आठवड्याला दोनाहून जास्त. मुलाने हा हिशेब वडिलांसमोर स्वतःच मांडावा. आईने मध्ये पडू नये.

दोन महिन्यांनंतरही त्याला तेच सॉफ्टवेअर हवे असेल, तर त्याने ते ज्या स्टुडिओत वापरतात तिथे दोन तासांचे भाडे भरून त्यावर स्वतःचे एक गाणे मिक्स करून पाहावे. काही कंपन्या महिन्याच्या वर्गणीवर तेच सॉफ्टवेअर देतात. एक महिना भरून पुढची वर्गणी बंद करणे हीसुद्धा चाचणीच. आणि पैसे भरण्याआधी कंपनीला एक ईमेल जरूर पाठवावी. तीत आपल्या लॅपटॉपचे पूर्ण वर्णन देऊन विचारावे की यावर हे चालेल का, परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येईल का, आणि पुढे दुसऱ्याला विकता येईल का. उत्तर आले तर त्याचा कागद छापून पावतीबरोबर ठेवावा. आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर ती एफडी पुन्हा एक वर्षासाठी टाकायला हरकत नाही.