पिलू कोणाच्या हातचे?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी काय लिहिणार, असे संपादक-मंडळातील मैत्रिणीने विचारले. मी म्हटले, "कुत्र्याच्या पिलाला घरात राहायची सवय कशी लावावी, यावर." ती हसली. मराठीचे भवितव्य, मोबाईलचे दुष्परिणाम असे भारदस्त विषय पडलेले असताना कुत्र्याची शी-शू हा काय विषय झाला? पण गेल्या वर्षभरात माझ्या फीचा बराचसा भाग या विषयानेच भरला आहे. तेव्हा त्यावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजते.

माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत. आई सानपाड्याला चार घरी काम करते. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. आईच्या चार घरांपैकी एक घर पामबीच मार्गाजवळच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आहे. तिथले ताई आणि दादा दोघेही नोकरीला जातात, सकाळी साडेआठला निघतात ते रात्री आठला येतात. मागच्या वर्षी त्यांनी दोन महिन्यांचे शित्झू जातीचे पिलू आणले. नाव कोको. आई त्याला कोक्या म्हणते.

आईचे काम भांडी, केर-फरशी आणि कपडे. त्यात कुत्र्याचा उल्लेख नव्हता. पण फरशी पुसणे आईकडे आणि फरशीवर जे काही होईल ते कोकोकडे, त्यामुळे दोघांची गाठ पडणारच होती. दोन आठवड्यांत तो हॉल रेल्वेच्या जिन्यासारखा वास मारू लागला. संध्याकाळी दादा घरी आले की वाळलेला डाग शोधून काढीत, पिलाचे नाक त्यात घाशीत आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके देत. दिवसभर ज्याने कोणाचे तोंड पाहिले नाही, त्याला आल्या आल्या हा प्रसाद.

आमच्या पाटण तालुक्यातल्या गावी मोती नावाचा कुत्रा होता. त्याला कोणी काही शिकवल्याचे मला आठवत नाही. ओसरीच्या पायरीवर झोपे, भाकरीचा तुकडा खाई आणि बाकीचे उरकायला आपणहून बांधावर जाई. म्हणून कोकोचे प्रताप ऐकून मलाही आधी वाटले, की ही विकतची जात मुळातच बिनडोक असावी. पुढे नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला. कुत्र्याची जात आपली झोपायची जागा घाण करीत नाही. तीन आठवड्यांचे पिलूसुद्धा त्यासाठी आईच्या कुशीपासून सरपटत दूर जाते. मोतीची झोपायची जागा होती पायरी, आणि तिच्या पलीकडे सगळे गाव. कोकोची जागा होती स्वयंपाकघराजवळची गादी. आमच्या अख्ख्या खोलीपेक्षा मोठ्या असलेल्या त्या हॉलचा सोफ्यामागचा कोपरा हे त्याच्या हिशेबाने 'बाहेर'च होते. पिलू बरोबर वागत होते. बाहेर कशाला म्हणायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

ताईंनी मला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास यायला सांगितले. पैसे ठरले. आणि इथे एक कबुली दिली पाहिजे. तिसऱ्याच दिवशी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याने केले, तेव्हा मीही त्याला चापट मारली. मार खाल्ल्याशिवाय अक्कल येत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आणि अनुभवत आले आहे. कोको ओरडला नाही. पलंगाखाली गेला, आणि पुढचे दोन दिवस माझा आवाज आला की तिथेच जाऊन बसू लागला. ताई म्हणाल्या, "बघ, कळलं त्याला." त्याला कळले होते ते वेगळेच. माणसासमोर करणे धोक्याचे आहे, हे त्याला कळले होते. तेव्हापासून तो आमच्या पाठीमागे, पडद्याआड, टेबलाखाली करू लागला. मी त्याला गच्चीत नेऊन उभी राहिले, तर माझ्याकडे बघत नुसता थरथरत उभा राही. ज्या माणसाने शाबासकी द्यायची, त्याच्यासमोरच तो करणार नसेल तर शिकवायचे कसे?

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला अध्ययनाचे प्रकरण चालू होते. पाव्हलॉव्हचा कुत्रा आपण सगळेच परीक्षेपुरता पाठ करतो. (त्याला १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी, हे मात्र उत्तरपत्रिकेत हमखास चुकते.) थॉर्नडाइक आणि स्किनर यांच्या वेळी सरांनी एक वाक्य फळ्यावर लिहिले: कृती आणि तिचे फळ यांत अंतर पडले की प्राण्याला दोहोंचा संबंध लागत नाही. मी वहीत ते उतरवले आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले: दादांचे फटके, रात्री आठ. सकाळी दहाला केलेल्या गोष्टीची शिक्षा रात्री आठला! आपल्याला ते घटका-पळे मोजून सांगता येते, पिलाला नाही. आपण दाखवतो तो 'अपराधी चेहरा' हा अपराधाचा नसून भीतीचा असतो.

मग मी घड्याळ धरले. पिलू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास, फार तर एखादा जास्त, ते धरून ठेवू शकते. म्हणजे कोकोचे दोन-तीन तास, तेही झोपेत. जागा झाला की लगेच, खाल्ल्यावर पाव तासाने आणि खेळून दमला की त्याला उचलून गच्चीत न्यायचे. लशी पूर्ण झाल्या नव्हत्या, म्हणून खाली रस्त्यावर नेणे डॉक्टरांनी मना केले होते. पार्व्होच्या रोगाने लहान पिले पटकन दगावतात. त्यामुळे गच्चीत वर्तमानपत्रे पसरली. दादांची गुंडाळी अशा प्रकारे सत्कारणी लागली. त्याने कागदावर केले की त्याच क्षणी, दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या चिकनचा कण आणि "शाब्बास". भलतीकडे केले की काही बोलायचे नाही, पुसून टाकायचे. पुसण्याचीही गंमत आहे. फिनेलने आपल्या नाकाचे समाधान होते, कुत्र्याच्या नव्हे. अमोनियाचे द्रावण तर मुताच्या वासाला भर घालणारे. आधी साबणाने, मग पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसले तेव्हा सोफ्यामागचा कोपरा सुटला.

सहा आठवडे लागले. त्यांतले पहिले दोन त्याची भीती घालवण्यातच गेले, म्हणजे एका चापटीची आणि रोजच्या फटक्यांची ती किंमत.

लशी झाल्यावर खाली नेण्याची वेळ आली. त्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. एक रहिवाशांची. दुसरीवर पाटी आहे: घरकामगार, सामान व पाळीव प्राणी. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांना कळवले, की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येणार नाही. तो कागद ताईंनी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला आणि कोकोला पहिली लिफ्ट मिळवून दिली. तेव्हापासून कोकोला घेऊन निघाले की मी पहिल्या लिफ्टने जाते, आणि तो सोबत नसला की दुसरीने. ताई भांडल्या ते योग्यच केले. आईसाठी असा कागद कोणी काढला असेल तर मला तो हवा आहे.

आता केसांचे. शित्झूचे केस वाढतच राहतात, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे. गळालेला केस जमिनीवर पडत नाही, उभ्या केसांत अडकून बसतो. त्यात घर्षण आणि ओल मिळाली, की ओल्या लोकरीला चोळून जसे बुरणूस करतात तसे त्याचे होते. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांत. मागच्या जुलैत माझी परीक्षा होती, मी बारा दिवस गेले नाही. कोको पावसात भिजून येई. ताईंनी त्याला न विंचरताच दोनदा शांपूने न्हाऊ घातले. गुंता असताना पाणी लागले की तो आवळतो. मी परत गेले तेव्हा डाव्या कानामागे लिंबाएवढी गाठ झाली होती.

मी कात्री मागितली, तर आईने माझा हात धरला. "जट आहे. कापू नकोस."

आईला हसू नका. माझ्या चुलत आजीच्या डोक्यात अशीच जट झाली होती. यल्लम्माची म्हणून तिला कोणी कंगवा लावू दिला नाही. तेल आणि भंडारा लावून लावून ती दोरखंडासारखी झाली. आजी मान वाकडी करून झोपे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. आमच्या गावी समितीच्या बाई आल्या तेव्हा आजीची साठी उलटली होती. जट निघाल्यावर ती कितीतरी वेळ नुसती मान इकडे-तिकडे फिरवून बघत होती. आई तिथे हजर होती. तरी तिचा हात थांबलाच.

एका अर्थी आईचे बरोबर होते, कात्री नकोच होती. गाठ ओढली की त्याबरोबर कातडी वर येते आणि कात्री नेमकी तीच कापते. मी कॉर्नफ्लॉवर चोळले, गाठीचे मूळ चिमटीत धरले म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि स्टीलच्या फणीच्या कडेने टोकापासून एकेक केस सोडवत गेले. रोज वीस मिनिटे, चार दिवस. आई समोर बसून त्याची हनुवटी धरी. काखेतली गाठ मात्र कातडीला चिकटली होती, ती डॉक्टरांनी यंत्राने काढली. खाली कातडी लाल, ओली आणि दोन गोचिडी. गोचिडीतून कुत्र्याला रक्ताचा ताप येतो आणि तो जिवावर बेततो.

डॉक्टर म्हणाले, आपल्या दमट हवेत याचे केस बोटभरच ठेवा. (सगळ्या जातींना हे लागू नाही. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याची तासून हजामत करू नये.) ताईंना ते पटेना. डोक्यावर रिबन बांधलेला फोटो गेला ना! त्या मला म्हणाल्या, "रोज विंचरायला तू आहेसच की."

माझे म्हणणे एवढेच आहे. पिलू घ्यायला पैसे लागतात, आणि ते शिकवायला, विंचरायला दिवसाचे तास लागतात. पैसे असणाऱ्याकडे तास नसतात. मग ते तास दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून येतात, आणि त्यांना काम म्हणायचे की नाही हे ठरलेले नसते. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकायला बंदी आहे, ते चांगलेच. पण घेणाऱ्याच्या घरी दिवसा कोण असते, हे विकणारा विचारीत नाही. ज्यांना लांब केसांचा कुत्रा हवा त्यांनी रोजची वीस मिनिटे स्वतःच्या हाताने द्यावीत. ते जमणार नसेल तर आमच्या मोतीच्या जातीचे आखूड केसांचे पिलू आपल्या प्रत्येक सेक्टरमध्ये घराची वाट बघत आहे. त्यालाही वेळ द्यावा लागेल, पण जट तरी होणार नाही. आणि हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचेच असेल, तर ते केर-फरशीत गुंडाळू नये. आईचे कोकोचे पैसे वेगळे ठरवायला मला आठ महिने लागले.

केस शेवटी कापले. कोको आता उन्हात पोट पसरून झोपतो. लागली की दाराशी जाऊन दोनदा खरवडतो आणि वाट बघतो. दार उघडायला घरात कोणीतरी लागते. मार्चमध्ये माझी परीक्षा आहे. त्या तीन आठवड्यांत सकाळी कोण येणार, हे ताईंनी अजून ठरवलेले नाही.