‘अं’ आणि ‘म्हणजे’

विज्ञान प्रदर्शनात आपल्या प्रतिकृतीपाशी उभा असलेला विद्यार्थी सांगू लागतो, “हे म्हणजे... अं... आपले ते... म्हणजे बाष्पीभवन.” ऐकणारे हसतात. शिक्षक मागाहून बजावतात, “अं करू नकोस!” खोकणाऱ्याला खोकू नकोस म्हणण्यासारखाच हा उपदेश. विद्यार्थी मित्रहो, आधी कारण पाहू.

साध्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारायला माणसाला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. संभाषणात मात्र एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी 200 मिलिसेकंदच जातात, असे दहा भाषांच्या 2009 मधील अभ्यासात दिसले. इतक्या घाईत शब्द सापडला नाही, तर ‘अं’ म्हणून आपण सुचवतो, ‘थांबा, माझे संपलेले नाही.’ क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये दाखवले, की इंग्रजी बोलणारे थोडा उशीर होणार असेल तेव्हा ‘अ’ आणि जास्त होणार असेल तेव्हा ‘अम्’ म्हणतात. तेव्हा गप्पांमध्ये ‘अं’ आला तर लाजू नका.

व्यासपीठावर मात्र तुमची पाळी हिसकावून घ्यायला कोणी टपलेले नसते. तेथे या खुणेला कामच नाही. ओठ मिटून शब्द शोधावा. सभा पळून जात नाही.

‘म्हणजे’ची गोष्ट जरा वेगळी आहे. घरच्या मोबाइलवर ‘हवेचा दाब’ या विषयावर दोन मिनिटे बोला व ते ध्वनिमुद्रित करा. मग ऐकताना ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कोठे येतात, तेथे कागदावर खुणा करा. एकाच संज्ञेपाशी दरवेळी अडत असाल, तर दोष जिभेचा नाही. तो धडा पुन्हा वाचा, जमल्यास प्रयोग करून पाहा. मग पुन्हा बोला आणि खुणांच्या जागी नुसते थांबा. पहिल्या दिवशी हे फार अवघड जाते, हेही सांगून ठेवतो.

शिक्षकांनाही एक विनंती. घोकलेले भाषण अडखळत नाही, पण परीक्षकाने मध्येच प्रश्न विचारला की त्याची गाडी रुळावरून घसरते. अडखळत का होईना, स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्याचे गुण केवळ ‘अं’साठी कापू नयेत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करताना आढळले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. हे संशोधन 1970 च्या दशकातले आहे. आपल्या वर्गात ते उद्याच करून पाहता येईल.