पडणारच होते ना!

"थरूर पडणारच होते, मग त्यांच्या प्रचारात फुकट कशाला राबलास?" नातेवाईकांचा हा प्रश्न २०२२ पासून ऐकतोय. अहो, काँग्रेस अध्यक्षपदासाठी त्याआधीचं मतदान २००० सालचं! मधली बावीस वर्षं सगळं बिनविरोध, आणि आपल्याला त्याचंच कौतुक. (आमच्या सोसायटीची कमिटीही बिनविरोधच असते. हिशोब बघितलाय कुणी?)

थरूरांच्या जाहीरनाम्यात विकेंद्रीकरण होतं, प्रदेशाध्यक्षांना जास्त अधिकार होते. मी फोन केला की मात्र एकच चौकशी, "येतील का निवडून?"

खर्गेंना ७,८९७ मतं, थरूरांना १,०७२. हसू नका, १९९७ मध्ये केसरींसमोर आपल्या पवारांनाही ८८२ च पडली होती! आणि मतदार दहा हजारही नव्हते, सगळे प्रतिनिधी. साध्या कार्यकर्त्याला मतच नाही. भांडायचं तर त्यावर भांडा ना!

असो. पुढच्या खेपेला कुणी उभं राहिलं, की मी पुन्हा फोन फिरवायला बसणार.