कयाधूचा समुद्र

मंडळी, शाळेच्या सहलीत मुलांना खारफुटी दाखवा असं म्हटलं की हमखास ऐकू येतं, "हिंगोलीच्या पोरांना तिचं काय हो? समुद्र कुठं नि आपण कुठं!"

मला हे काही पटत नाही. आपली कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिथं मुखाशी, काकीनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे, १९७८ पासून अभयारण्य. आपल्या शिवारातली माती वाहत जाऊन बसायची ती तिथल्या दलदलीत. 'बसायची' म्हणतो, कारण आता वाटेत धरणं आहेत. पैनगंगेचा बराच गाळ इसापूरला अडतो, पूर्णेचा येलदरी-सिद्धेश्वरला. धरणं नकोत असं नाही, आपली शेती त्यांच्यावरच आहे. पण नवा गाळ पोचला नाही की समुद्र किनारा खाऊ लागतो, हे धरणाच्या भिंतीवर उभं करूनच मुलांना सांगायला हवं.

आपल्या सहली मात्र देऊळ, चौपाटी, फोटो, की चला बसमध्ये! मुंबईकडे जाणारच असाल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघा. शेजारची ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. फक्त ओहोटी साधा, नाहीतर चिखल, खेकडे, वर आलेली श्वासमुळं काहीच दिसायचं नाही. त्यासाठी पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची वेळ अंदाजे निघते. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. (गणिताचा तासही झाला की!)

तरी पहिली सहल कयाधूवरच काढावी असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना मुलांना लांब काठावर बसवून गुरुजींनी स्वतः बादलीभर पाणी काढावं. काचेच्या बरणीत भरून वर्गात ठेवावं. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ पट्टीनं मोजावा, तारखेसह वहीत लिहावा. तेच पुन्हा हिवाळ्यात. मग भिंतीवरच्या नकाशात एकेकानं हिंगोलीपासून काकीनाड्यापर्यंत नदीवरून बोट फिरवावं.