हाकेला ओ

गेल्या रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाल्कनीतून बायकोचा आवाज आला, "अरे, इकडे ये ना, बघ बुलबुलाने काय केलंय!" मी "हं" म्हणालो, पण मान काही वर केली नाही. थोड्या वेळाने ती आत आली आणि न बोलता कामाला लागली. भांडण झालं नाही, पण दिवसभर घर गप्पच होतं. "काय झालं?" विचारलं, तर "काही नाही."

हे "काही नाही" मला उलगडलं ते जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचताना. ते आधी गणिताचे विद्यार्थी, मग मानसशास्त्राकडे वळले. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एका साध्या फ्लॅटसारखी प्रयोगशाळा उभारली. लोक तिला 'लव्ह लॅब' म्हणू लागले. तिथे जोडपी यायची, स्वयंपाक करायची, टीव्ही बघायची, गप्पा मारायची. आणि हे सगळं कॅमेरे टिपायचे.

गॉटमनना त्यात एक बारीक गोष्ट दिसली. माणसं दिवसभर जोडीदाराला छोट्या छोट्या हाका मारत असतात. "हे बघ", "आज काय झालं माहितीये?", किंवा नुसता एक उसासा. समोरचा ओ देतो, दुर्लक्ष करतो, नाहीतर खेकसतो. नवविवाहित जोडप्यांकडे सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा संसार टिकलेल्यांनी अशा १०० पैकी ८६ हाकांना ओ दिली होती. घटस्फोट झालेल्यांनी फक्त ३३.

आम्हा इंजिनिअर लोकांची खोड अशी, की घरातली तक्रारही बगसारखी सोडवायला घ्यायची आणि तिकीट बंद करायचं. गॉटमन म्हणतात, जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाहीत! म्हणजे माझं तोडगे काढण्याचं कौशल्य फार थोड्या ठिकाणी उपयोगाचं. उरलेल्या वेळी लागते ती फक्त ओ.

मग दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर आठवलं. बाबा रोज पेपर मोठ्याने वाचतात. "ऐकलंस का?" म्हटलं, की आई स्वयंपाकघरातून मिक्सर बंद करते आणि विचारते, "मग? पुढे?" त्या बातमीत तिला काडीचाही रस नसतो. लहानपणी आम्ही भावंडं याला हसायचो. त्या दोघांच्या तोंडी प्रेम हा शब्द मी कधी ऐकलेला नाही, पण मिक्सर बंद झालेला रोज ऐकलाय.

प्रत्येक हाकेला धावत जाणं कुणालाच जमत नाही. ८६ म्हणजे १०० नव्हे. "कॉलवर आहे, पाच मिनिटांत येतो" हीसुद्धा ओच. फक्त पाच मिनिटांनी खरंच उठायला हवं. आमच्याकडे आता जेवताना दोन्ही फोन फ्रिजवर असतात. पहिले दोन दिवस काय बोलावं तेच सुचेना, आणि याचीच मला जास्त भीती वाटली.

बुधवारी मी आपणहून बाल्कनीत गेलो. कुंडीतल्या घरट्यात तीन अंडी होती. तिला हे रविवारीच ठाऊक होतं.