मासे एकमेकांशी पटवून घेतील, आपल्या व्रताचं काय?



आज थोडं कडू लिहिते आहे, आणि घरातलंच लिहिते आहे.

माझ्या धाकट्या जावेने भाईंदर पश्चिमेला नवा फ्लॅट घेतला. महिन्यापूर्वी तिचा फोन आला. “ताई, हॉलमध्ये समुद्री माशांची टाकी बसवायची आहे. मुलाला निमो हवाय, आणि ईशान्येला पाणी असलं की बरं, असं वास्तुवाले म्हणाले. तुम्ही वाचता ना, कुठले मासे एकमेकांशी भांडत नाहीत तेवढं शोधून द्या.”

मी शोधलं. आठ दिवस वाचलं, दुकानात जाऊन विचारलं. उत्तर फार अवघड नाही. नवख्याने क्लाउनफिशची एक जोडी ठेवावी, सोबत एखादा रॉयल ग्रामा किंवा फायरफिश. फायरफिश उडी मारतो, म्हणून वर झाकण हवं. डॅमसेल स्वस्त आणि चिवट, पण एकदा जागा धरली की नव्या माशाच्या मागे लागून त्याला जेरीस आणतो. निळा टँग, म्हणजे सिनेमातली डोरी, फूटभर वाढतो, त्याला लहान टाकीत ठेवूच नये. रंगीबेरंगी मँडरिन बारीक जिवंत जीवच खातो, नव्या टाकीत तो उपाशी मरतो. लायनफिश तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. आणि समुद्रघोडा कुणी देऊ केला तर तिथून निघून यावं, २००१ मध्ये तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला.

हे सगळं मी जावेला सांगितलं. शेवटी म्हणाले, “पण तू टाकी घेऊ नकोस.” तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. म्हणून माझं म्हणणं इथे नीट मांडते.

दुकानदार म्हणतो, “हे मासे एकमेकांना चालतात.” याचा अर्थ एवढाच, की काचेच्या खोक्यात कोंडल्यावर ते एकमेकांना मारणार नाहीत. त्यांचं आपल्या घराशी, आपल्या व्रताशी पटतं का, हा प्रश्न दुकानदार कशाला विचारेल? तो आपण विचारायचा.

टाकी सुरू कशी करतात ते ऐका. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे न टाकताही ते वाढवता येतात. पण मला दुकानात सल्ला मिळाला, “आधी दोन डॅमसेल सोडा, ते तग धरतात. मेले तरी स्वस्तातले.” म्हणजे दोन जीव विषात सोडायचे, पुढच्यांचं पाणी चांगलं व्हावं म्हणून.

मग खाणं. तयार दाण्यांत बहुधा माशांचीच भुकटी असते. फ्रोजन वड्या म्हणजे आर्टेमिया आणि मायसिस, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. ज्या फ्रीजमध्ये आपण बटाटा येऊ देत नाही, तिथे बर्फाच्या साच्यात हे ठेवायचं आणि सकाळी देवदर्शनाहून आल्यावर चिमट्याने टाकीत सोडायचं. सांगा, तुमचा हात धजेल?

आपल्याला लहानपणी हिंसेचे चार प्रकार शिकवले. आरंभी हिंसा चूल-घर चालवताना होते, उद्योगी पोटाच्या धंद्यात, विरोधी रक्षण करताना. श्रावकाला या पूर्ण टाळता येत नाहीत, म्हणून तो यत्नाने वागतो. चौथी संकल्पी, जाणूनबुजून केलेली, तिचा त्याग पहिला. आता समुद्री टाकी यांतल्या कोणत्या खान्यात बसवाल? तिच्यावाचून चूल अडत नाही, धंदा अडत नाही, रक्षणाचा तर प्रश्नच नाही. उरलं काय ते तुम्हीच बघा. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंधन आहे, आहार रोखणंही आहे. आणि मासा काही एकेंद्रिय नाही, पंचेंद्रिय आहे.

माझी आजी सांगलीला विहिरीचं पाणी गाळायची आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. शेजारच्या विहिरीतही नाही, कारण त्या जिवांचं घर तेच. त्या आजीच्या नाती आपण, आणि प्रवाळातला मासा पिशवीत बांधून सातव्या मजल्यावर आणतो. फिलिपीन्स आणि इंडोनेशियाच्या समुद्रात असे मासे गुंगवून पकडायला सायनाइड फवारण्याची पद्धत कित्येक दशकं चालली आहे. त्यात प्रवाळही मरतं.

कुणी म्हणेल, “आम्ही पैदास केलेलेच घेऊ.” मान्य, क्लाउनफिशची पैदास होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती केली आहे. समुद्रातून उपसण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण त्याने खाणं बदलत नाही, कोंडणं बदलत नाही. “मुलं जीवदया शिकतात,” असंही म्हणतात. मे महिन्यात तीन तास वीज गेली, पंप थांबला, पाणी तापलं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले, की मूल काय शिकेल? मेला तर दुसरा आणू, हेच ना?

२०१५ चं पर्युषण आठवतं? आपल्या मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस मांसबंदी ठरवली आणि गावभर वाद पेटला. मुंबईतल्या बंदीचा खटला हायकोर्टात गेला, तेव्हा न्यायालयाने विचारलं, बंदीतून मासळी का वगळली? सरकारतर्फे उत्तर दिलं गेलं, की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही. तेव्हा आपण किती चिडलो होतो! मासा काय जीव नाही? उत्तनच्या कोळणीची पाटी दिसली की अजूनही आपण नाकाला पदर लावतो. ती पोटासाठी करते. आपण शोभेसाठी करणार, आणि वर तिला नाक मुरडणार?

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मुलगा लहान असताना मीही काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश ठेवले होते. दशलक्षण पर्वात मी एकाशन करत होते, आणि ते आपल्याच घाणीने विषारी झालेल्या पाण्यात मेले. भांड्यात तेच होतं हे मला या महिन्यात कळलं. तेव्हा मी मुलाला सांगितलं, “आयुष्य संपलं त्यांचं.” खोटं होतं ते.

ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांनी घाबरून मासे खाडीत किंवा तलावात सोडू नयेत. प्रवाळातला मासा तिथे जगणार नाही, आणि ती दया नव्हे. आहेत त्यांना नीट सांभाळा. क्लाउनफिश दहा-दहा वर्षंही जगतो, तितकी वर्षं जबाबदारी घ्या. फक्त नवा आणू नका.

आणि मुलाला मासे बघायचे असतील तर त्याला पूर्ण ओहोटीला एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर न्या. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट अशा फेऱ्या काढतो. डबक्यात हात न घालता, पाऊल जपून टाकत बघायचं.

जाऊबाई, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. माझ्या बोलण्याने दुखावली असशील तर उत्तम क्षमा. पुढच्या अमावास्येला ओहोटी मोठी असेल. पोराला घेऊन ये, डबे मी करते.